चौथ्या भागाचा अंदाज

त्यांचं आडनाव अंदाजे नव्हतं. पण वर्तमानपत्राच्या कचेरीत, शहरातल्या थिएटरांत, फार काय, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडेही त्यांना सगळे अंदाजेच म्हणत. कचेरी नव्या इमारतीत गेली तेव्हा टेबलांवर ठेवायच्या पाट्या छापून आल्या, आणि त्यांच्या पाटीवरही तेच नाव. संपादक ओशाळला. म्हणाला, "बदलून घेतो." "राहू द्या," अंदाजे म्हणाले, "नाहीतरी खऱ्या नावानं मला फोन येतात ते फक्त बँकेतून."

दर बुधवारी त्यांचा स्तंभ येई. येत्या शुक्रवारी लागणारा चित्रपट चालेल की पडेल, एवढंच ते त्यात सांगत. तो चांगला की वाईट, या भानगडीत ते पडत नसत. ते काम शेजारच्या टेबलावरच्या समीक्षकाचं. दोघांची मैत्री छान होती, कारण दोघांचं एकमेकांच्या कामाबद्दल फारसं बरं मत नव्हतं आणि दोघांनी ते एकमेकांना सांगूनही टाकलं होतं.

तरुणपणी ते एका थिएटरच्या तिकीटखिडकीवर बसत. त्या खिडकीच्या भोकातून माणसाचा चेहरा दिसत नसे, दिसत फक्त हात. काही हात विचारण्याआधीच आत घुसायचे. काही कठड्यावर घुटमळायचे, मागे जायचे, पुन्हा यायचे. हातांवरून चित्रपटाचं काय होणार हे त्यांना कळू लागलं, आणि ते बोललेलं खरं होऊ लागलं. पुढे त्या थिएटरचं फर्निचरचं दुकान झालं, पण तोवर त्यांची कीर्ती एका संपादकाच्या कानावर गेली होती. तेव्हापासून त्यांची जागा खिडकीच्या आतून बाहेर आली, इतकंच. पहिला खेळ सुटायच्या बेताला ते लॉबीत खांबाला टेकून उभे राहत. माणसं एकमेकांशी बोलत बाहेर पडली की चित्रपट चालणार. खिशात गाडीची किल्ली चाचपत बाहेर पडली की संपलं.

त्यांना एकच मुलगी. ती कॉम्प्युटरवर चित्रं हलवायला शिकली आणि टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर थाटलेल्या एका छोट्या कंपनीत लागली. कंपनी छोटी, पण काम मोठ्याचं. 'ढगांचा किल्ला' या चित्रपटमालिकेतल्या महाकाय पक्ष्यांची पिसं तिथे बनत. पक्षी दुसरीकडे बनायचे, त्यांची हाडं आणखी कुठे, आणि पिसं इथे. मुलगी आणि तिच्यासारखी दहा-बारा पोरं पडदे ओढून बसत आणि वाऱ्यात पीस कसं उचलतं, वळताना कुठलं पीस कुठल्या पिसाखाली सरकतं, हे दिवसचे दिवस करत राहत. तिची मनगटं दुखायला लागली, तेव्हा पट्टे बांधून ती काम करू लागली. घरी येणं कमी झालं. आली तरी खिडकीबाहेरच्या कबुतरांकडे बघत बसायची. आई म्हणायची, "अगं, जेव. ती कुठे उडून जाणार आहेत?" आणि नेमकी ती उडून जायची.

त्या वर्षी 'ढगांचा किल्ला'चा चौथा भाग येणार होता. ढगांमध्ये तरंगणारा किल्ला आणि पक्ष्यांवर बसून त्याची राखण करणारे सैनिक, अशी ती गोष्ट. पहिल्या भागाला लोक वेडे झाले होते. दुसऱ्यानं पहिल्याहून जास्त धंदा केला. तिसरा भाग शनिवार-रविवारी जोरात चालला आणि सोमवारी एकाएकी थिएटरं ओस पडली. पण मोठ्या बॅनरचा गल्ला एकूण मोठाच दिसतो, त्यामुळे ती सोमवारची गोष्ट कुणी फार मनावर घेतली नाही. अंदाज्यांनी घेतली.

हा चौथा भाग लागणार त्याच शुक्रवारी 'सावलीचा वारस'चा दुसरा भाग लागणार होता. एका मुलीची सावली तिला सोडून जाते आणि दुसऱ्याच राज्यात राणी होऊन बसते, अशी ती मालिका. पहिला भाग आला तेव्हा त्याला छोटी छोटी थिएटरं मिळाली होती, तीही गैरसोयीच्या वेळांची. तो लागला आणि थिएटरांतून हललाच नाही. आता दोन्ही कंपन्या तारखेवर अडून बसल्या होत्या. आधी तू सरक, नाही आधी तू, असं करता करता पोस्टरं छापून झाली आणि सरकायला जागाच उरली नाही.

संपादकानं अंदाज्यांना बोलावलं. "पूर्ण पान तुमचं. दोन्ही मालिका समोरासमोर. काय जमेचं, काय उणं, आणि शेवटी कोण जिंकणार ते नेहमीसारखं स्वच्छ." मुलगी त्या पिसांच्या कंपनीत असते हे संपादकाला माहीत नव्हतं. अंदाजे सांगणार होते, पण तेवढ्यात संपादकाचा फोन वाजला. नंतर पुन्हा जाऊन सांगण्याइतकं ते महत्त्वाचं आहे, असं त्यांनी स्वतःला वाटू दिलं नाही.

ते थिएटरं फिरले. सगळीकडे मोठे पडदे किल्ल्याला दिलेले. एका थिएटरच्या मॅनेजरबाई त्यांच्या जुन्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, "आगाऊ बुकिंग किल्ल्याचंच जास्त आहे. यात अंदाज कसला करायचा?"

"बुकिंग कसं होतंय? एकेक तिकीट की घोळक्यानं?"

बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघितलं. "किल्ल्याचं एकेक, दोन-दोन. सावलीचं चार-चार, पाच-पाच. का हो?"

अंदाज्यांनी ते आकडे टिपून घेतले. एकटा येणारा हा मालिकेचा भक्त असतो. तो पहिल्याच दिवशी येतो, आणि भक्त संपले की रांग संपते. पाच तिकिटं काढणारा मात्र घर घेऊन येतो, आणि ते घर दुसऱ्या चार घरांना सांगतं. शिवाय किल्ल्याचा चौथा भाग समजायला आधीचे तीन डोक्यात पक्के असावे लागतात. त्यात नायकाचं काम करणारा नट बदललेला. उलट सावलीची गोष्ट रिक्षात बसल्या बसल्या सांगून होते. घरी येताना गल्लीत पोरं एकमेकांच्या सावल्यांवर उड्या मारताना दिसली. हात पसरून पक्षी झालेलं एकही पोर दिसलं नाही. दोन वर्षांपूर्वी सगळी गल्ली पक्षी होती.

रविवारी मुलगी जेवायला आली. वाळली होती. दोन्ही मनगटांना पट्टे. आईनं बटाटे वाढले, अंडी वाढली, पुन्हा बटाटे वाढले. मुलीनं ते ताटात इकडचे तिकडे केले आणि मग एकदम विचारलं, "बाबा, किल्ला चालेल?"

कामाचं तिनं असं कधी विचारलं नव्हतं. अंदाज्यांनी घास चावून होईपर्यंत वेळ घेतला. टेबलाखालून बायकोचा पाय त्यांच्या पायावर आला आणि तिथेच दाबून राहिला. त्याची गरज नव्हती. ते आधीच मुलीच्या पट्ट्यांकडे बघत होते. चित्रपट तयार होऊन डब्यात बंद झालेला, आता त्यात कुणाच्या हातात काही नाही. मग शुक्रवारपर्यंतचे चार दिवस तरी या पोरीला का नासवायचे? हे सगळं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना ते बरोबर वाटलं.

"चालेल की," ते म्हणाले.

"नक्की? सावलीसमोर?"

"किल्ल्याचं नाव मोठं आहे. चालेल."

मुलीनं मान हलवली. मग मात्र ती नीट जेवली. जाताना आईला म्हणाली, "बरं वाटलं."

सोमवारी सकाळी अंदाजे कचेरीत गेले आणि त्यांनी पान लिहिलं. लिहिताना एकदा वाटलं, जरा हात आखडता घ्यावा, 'चुरस आहे' असं काहीतरी गुळमुळीत लिहावं. बायकोनं तर सकाळी सांगूनच पाहिलं होतं, "आजारी पडा ना. माणसं पडतात." पण त्यांचा स्तंभ वाचून छोट्या गावांतले थिएटरवाले कुठला चित्रपट घ्यायचा ते ठरवत. त्यांच्यातल्या एखाद्यानं त्यांच्या शब्दावर किल्ला घेतला आणि तो बुडाला, तर? म्हणून त्यांनी जसं दिसत होतं तसं लिहिलं. किल्ला पहिल्या दिवशी पुढे असेल, रविवारी बरोबरीत येईल आणि सोमवारनंतर दिसणार नाही. सावली महिनाभर हलणार नाही. शेवटचं वाक्य होतं, 'किल्ल्याचा पाचवा भाग निघेल असं वाटत नाही.' संपादकानं तेच वाक्य उचलून मथळ्याखाली ठळक टाकलं.

बुधवारी संध्याकाळी मुलगी घरी आली. हातात वर्तमानपत्र नव्हतं. ती आली आणि चपला न काढता दारातल्या खुर्चीवर बसली. आई पाणी घेऊन आली ते तिनं घेतलं नाही.

"रविवारी तुम्हाला हे माहीत होतं?" तिनं विचारलं.

"अंदाज होता," अंदाजे म्हणाले.

"मग मला का वेगळं सांगितलंत?"

"तुला त्रास झाला असता. आणि तुझ्या हातात काय होतं आता?"

"होतं," ती म्हणाली. "सावलीचं काम करणाऱ्या कंपनीनं मला बोलावलं होतं. सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. किल्ला चालला तर पाचव्या भागाचं काम आमच्याकडे येणार, म्हणून आमचा दाढीवाला मालक थांब म्हणत होता. मला ठरवता येईना. मी नाही म्हणून कळवलं."

आईनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"अगं, मग हे आधी सांगायचं नाही का?" अंदाजे म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही बाप म्हणून बोलला असता. मला अंदाजे हवे होते." तिनं पायातली चप्पल सारखी केली. "सगळ्या गावाला खरं सांगता. मलाच तेवढं खोटं. उलट केलं असतंत तरी मी समजून घेतलं असतं."

अंदाज्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं पुन्हा तिला बरं वाटावं म्हणूनच होतं. ती उठली आणि गेली. आई जिन्यापर्यंत मागे गेली आणि एकटीच परत आली. टेबलाखालचा पाय बायकोचा होता, हा विषय त्यांनी काढला नाही, आणि तिनंही काढला नाही.

शुक्रवारी ते नेहमीसारखे लॉबीत खांबाला टेकून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच आपण चुकावं असं त्यांना वाटत होतं. किल्ल्याचा पहिला खेळ सुटला. आधी पक्ष्यांचे टोप घातलेले काही तरुण आले, तावातावानं बोलत, आणि अंदाजे खांब सोडून एक पाऊल पुढे आले. मग त्यांच्या मागून बाकीचे आले. एक बाई फोन बघत होती. एका माणसानं मुलाला विचारलं, "तुला कळलं का रे?" मुलगा म्हणाला, "भूक लागली." आणि मग हात खिशात जाऊ लागले, एकामागून एक.

सगळं त्यांनी लिहिलं होतं तसंच झालं. रविवारी बरोबरी, सोमवारी ओस. संपादकानं कचेरीत पेढे वाटावेत तशा थाटात त्यांची पाठ थोपटली. समीक्षकानं मात्र त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.

टायरच्या दुकानावरची कंपनी लगेच बंद पडली नाही. आधी निम्मी पोरं घरी बसवली. मग उरलेल्यांना अर्ध्या वेळेवर बोलावलं. मग एक दिवस खुर्च्या जिन्यावरून खाली उतरू लागल्या. मुलीनं सावलीवाल्यांना पुन्हा फोन करून पाहिला. त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं की जागा भरली. ही सगळी बातमी अंदाज्यांना बायकोकडून कळत होती. मुलगी आईशी बोले, आणि आई स्वयंपाकघरातून मोठ्यानं, जणू भांड्यांना सांगतेय अशी, सगळं सांगे.

हे सगळं व्हायच्या आधी, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटीच, किल्ला शहरातून उतरणार होता. तेव्हा दुपारच्या खेळाला अंदाजे गेले. मॅनेजरबाई तिकीट घेऊ देईनात. ते म्हणाले, "नाही, मला तिकीट काढूनच बघायचाय." मोठ्या थिएटरात ते होते, मधल्या रांगेत एक जोडपं होतं आणि पुढे एक म्हातारा झोपलेला होता. अंदाज्यांनी चित्रपट पहिल्यांदाच असा पाहिला, म्हणजे लोकांकडे न बघता. गोष्ट त्यांना फारशी कळली नाही. नवा नट कानात काहीतरी अडकल्यासारखा मान वाकडी करी. पण पक्षी आले की ते पुढे सरकून बसत. एका प्रसंगात पावसात भिजलेला पक्षी कड्यावर येऊन बसतो आणि अंग झटकतो. त्याची पिसं आधी चिकटलेली असतात, मग टोकाकडून एकेक सुटी होतात. एवढं काम या काळोखात चार माणसांसमोर चाललं होतं, आणि त्यातला एक झोपला होता.

शेवटी पडद्यावर नावं सुरू झाली. जोडपं गेलं. म्हातारा जागा होऊन गेला. नावांच्या रांगाच्या रांगा वर सरकत होत्या, स्वयंपाक्यांची नावं, गाड्या चालवणाऱ्यांची नावं. ते डोळे ताणून वाचत राहिले. मुलीच्या कंपनीचं नाव एका ओळीत येऊन गेलं. त्याखाली माणसांची नावं नव्हती. दिवे लागले, झाडूवाली आत आली आणि त्यांना म्हणाली, "काका, काही हरवलंय का?" ते नाही म्हणाले आणि उठले.

कंपनी बंद झाल्यावर मुलगी दुसरीकडे लागली. ती फरशा आणि नळ विकणाऱ्या एका कंपनीच्या पुस्तकांसाठी न्हाणीघरांची चित्रं करत असे. कॉम्प्युटरवरची न्हाणीघरं. तिथे कुणी अंघोळ करत नाही, आरशात कुणी दिसत नाही, नळाला पाण्याचा एक थेंब लटकवायचा की नाही यावर बैठका होतात. ती एका खोलीत भाड्यानं राहत होती. अंदाजे एका सुट्टीच्या सकाळी, न कळवता, तिथे गेले. तिनं दार उघडलं आणि बाजूला झाली. आत या म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही.

ते पलंगाच्या कडेला बसले. "किल्ला पाहिला," म्हणाले.

"कसा होता?"

त्यांनी श्वास घेतला. "वाईट. लांबलेला. पडायलाच हवा होता."

तिनं उशाशी पडलेले कपडे गोळा केले.

"शेवटपर्यंत थांबलो. तुझं नाव नव्हतं. कुणाचंच नव्हतं, नुसतं कंपनीचं."

"माहीत होतं. करारातच होतं तसं."

"पिसं मात्र," ते म्हणाले, "मी खोटं बोलत नाही, हे खरंच सांगतोय. तो भिजलेला पक्षी कड्यावर बसून अंग झटकतो ना, तसं मी कधी काही पाहिलं नाही."

मुलगी हळूच म्हणाली, "तो माझा नाही, बाबा. तो माझ्या शेजारच्या मुलीनं केला. मी केली ती शेवटची लढाई. किल्ल्याच्या वरची."

अंदाज्यांनी आठवून पाहिलं. ती लढाई इतकी काळोखी होती की तिच्यात त्यांना फक्त ओरडणं ऐकू आलं होतं.

"मला त्यात काही दिसलं नाही," ते म्हणाले.

"कुणालाच दिसलं नाही. आम्ही पूर्ण उजेडात केली होती. नंतर वरून कुणीतरी म्हणालं, गंभीर वाटत नाही, आणि सगळं काळं करून टाकलं. दोन वर्षांचं काम." तिनं मनगटावरचा पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. "चहा करते," म्हणाली. चहा दोघांनी एकाच कपातून अर्धा-अर्धा घेतला, कारण दुसरा कप फुटला होता.

त्यानंतर ती रविवारी येऊ लागली, पण दर रविवारी नाही. चित्रपटांचा विषय घरात निघत नसे. 'सावलीचा वारस'चा तिसरा भाग आला, चौथा आला. किल्ल्याचा पाचवा आलाच नाही. अंदाज्यांचा स्तंभ आधी पाव पानाचा झाला, मग महिन्यातून एकदा. आता कुठल्या खेळाची किती तिकिटं गेली ते कुणालाही फोनवर बसल्या जागी दिसत होतं. एका बुधवारी स्तंभ छापून आला नाही आणि कुणी विचारायलाही आलं नाही. त्यांनी आपली पाटी पिशवीत घातली आणि ते घरी आले.

पुढच्या वर्षी मुलीला लांबच्या शहरातून बोलावणं आलं. एक नवी कंपनी, पुन्हा चित्रपटांचं काम, पुन्हा कुठल्याशा प्राण्याची कातडी. ती जेवायला आली तेव्हा तिनं कंपनीचं नाव सांगितलं, तिच्याकडे कुठली कामं आहेत ते सांगितलं, आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

या वेळी टेबलाखाली कुणाचा पाय हलला नाही. अंदाज्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले. मग म्हणाले, "एकाच मोठ्या मालिकेवर उभी आहे. ती मालिका आता थकली आहे. दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त टिकेल असं मला वाटत नाही."

"मलाही नाही वाटत," मुलगी म्हणाली. "पण मी जाते. न्हाणीघरं नाही करवत."

ती गेली. तिला सोडायला दोघं बसच्या थांब्यावर गेली. सामान फार नव्हतं. बस आली, ती चढली, खिडकीपाशी बसली आणि काच उघडेना म्हणून आतूनच हात केला. बस वळेपर्यंत दोघं उभी होती. मग आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पाव संपलाय." दोघं पावाच्या दुकानाकडे चालू लागली.